तहाच्या वर्षीचा शाळू

हस्ताचा पाऊस एकदाचा उघडला की पुण्यात आश्विनाचे ऊन पडते आणि त्या उन्हाला ओल्या कापडाचा वास असतो. निदान मला तरी तो येतो. इतरांना झेंडूचा येत असेल, नव्या तांदळाचा येत असेल. ज्याचे पोट ज्या वस्तूवर चालले तिचा वास त्याच्या नाकात मुक्कामाला राहतो. माझे पोट तंबूंवर चालले. आमच्या सरदारांच्या फरासखान्याचा मी कारकून होतो. पावसाळाभर घड्या घालून ठेवलेले डेरे, राहुट्या आणि कनाती आश्विनात अंगणात आणून पसरायच्या, कुठे बुरशी धरली, कुठे उंदरांनी कुरतडले ते पाहायचे, शिंप्यांकडून ठिगळे लावून घ्यायची, तणावे नवे वळून घ्यायचे. आणि दसऱ्याला फौज निघाली की तिच्या पुढे एक मजल राहून मुक्कामाची जागा आखायची, एवढेच माझे आयुष्य. तलवार मी फक्त पूजेत पाहिली.

काल सकाळी आमच्या आळीच्या तोंडाशी कुणाच्या तरी राहुट्या वाळत घातल्या होत्या. मी जरा थांबलो. कापड जाडेभरडे होते, शिवण सैल होती, पण वास तोच होता. तिथला कारकून मान वर न करता म्हणाला, "अहो, ऊन अडवू नका." त्याचे बरोबरच होते. मीही लोकांना असेच सांगत असे. मी बाजूला झालो, आणि घरी पोचेपर्यंत डोक्यात ते तहाचे वर्ष येऊन बसले.

शक विचाराल तर सांगता येणार नाही. आमच्या घरात त्याला तहाचे वर्षच म्हणतात. त्या भाद्रपदात मोगलाईशी तह झाल्याची बातमी आली आणि हत्तीवरून साखर वाटली. लोक रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत होते. ज्यांची मुले फौजेत होती त्या बायका देवळात जाऊन रडल्या. आता लढाई नाही, असे जो तो म्हणत होता आणि मीही म्हणत होतो. लढाई नाही म्हणजे डेरे नाहीत, एवढी सरळ गोष्ट तोंड गोड असताना माझ्या लक्षात आली नाही. माझ्या वाटणीची साखर मी घरी नेऊन ठकूच्या हातावर ठेवली.

ठकू माझी मुलगी. तिचे लग्न वाईच्या एका घरात ठरत आले होते. माघातला मुहूर्त धरायचा असे बोलणे झाले होते. ते स्थळ आमच्या दारी आले ते माझ्या नावाने नव्हे, फरासखान्याच्या नावाने आले होते. हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते, फक्त कुणी बोलत नव्हते. पुण्यात आमच्या मालकीचे काही नव्हते. नारायण पेठेत दोन खोल्या भाड्याच्या. चाकरी गेली तर लग्न मोडायचे आणि आम्ही घाट उतरून पुन्हा कोकणात, भाऊबंदांच्या ओसरीवर जाऊन बसायचे, इतके ते साधे होते.

दसऱ्याला सगळे डेरे शिवून तयार होते. मी उंट बसवून लादून ठेवले होते. सरकार, म्हणजे आमचे सरदार, हत्तीवरून वेशीबाहेर गेले, शमीची पूजा झाली, आपट्याची पाने लुटली गेली, आणि दिवेलागणीच्या आत स्वारी वाड्यात परत आली. उंटवाले मला विचारीत होते, "उठवायचे का?" मी म्हणत होतो, "थांबा." शेवटी उंटच कंटाळून ओरडायला लागले, तेव्हा आम्ही ओझी उतरवली. चाकरी लागल्यापासून पहिल्यांदा मी दसऱ्याला घरी जेवलो. जानकीने, म्हणजे आमच्या कुटुंबाने, पान वाढताना एकदा माझ्याकडे पाहिले आणि तूप वाढले.

पुढे आठवडाभरात दिवाणजींनी बोलावून घेतले. बसायला सांगितले, प्रकृतीची चौकशी केली, स्वतःच्या हाताने विडा दिला आणि म्हणाले, "सध्या घरीच असा. काम निघाले की बोलावून घेऊ." रागाचा शब्द नाही, दोषाचा शब्द नाही. मी विडा घेतला, नमस्कार केला आणि बाहेर आलो. देवडीवरच्या पहारेकऱ्याने नेहमीसारखा मुजरा केला. त्याला अजून कळले नव्हते. तो विडा मी रस्ताभर हातात धरला होता. खाववेना आणि टाकवेनाही.

शिंपी, फरास, डेरे ठोकणारे खलाशी यांना माझ्या आधीच रजा मिळाली होती. ते लोक दुसऱ्या दिवशी कामाला लागलेसुद्धा. एक शिंपी कसब्यात बसून मुलांची टोपडी शिवू लागला, दोघे खलाशी कोथरूडच्या बागांत आळी खणायला गेले. चाकरी गेली, असे ते मोठ्याने सांगत होते आणि सरदाराला शिव्याही देत होते. लाज ही आमच्यासारख्या पगडीवाल्यांची मिरास. मी दुसऱ्या दिवशी काय केले? रोजच्या वेळी जेवलो, अंगरखा चढवला, पगडी घातली, उपरणे घेतले आणि "येतो" म्हणून कचेरीला निघालो.

निघालो खरा, पण माणूस किती वेळ चालत राहील? पुणे काही एवढे मोठे नव्हते. पेठांतून दोनदा फिरलो तर दुकानदार विचारू लागतात. म्हणून नदीच्या घाटावर गेलो. देवळाच्या सावलीत पायऱ्यांवर बसलो. पाणी संथ होते, परटीण धुणे आपटीत होती, आणि मला बरे वाटले की ही वेळ कुणी ओळखीचे भेटण्याची नव्हे. इतक्यात भिकाजीपंत भेटले. भिकाजीपंत आमच्याच सरदारांच्या कोठीवर, म्हणजे धान्याच्या कोठारावर, कारकून होते. पगडी माझ्यापेक्षाही झोकदार.

"काय पंत, इकडे?" त्यांनी विचारले.

"महादेवाचे दर्शन घेतले. आता निघतोच आहे कचेरीत. आपण?"

"मीही दर्शनालाच. हा निघालोच."

दोघेही निघालो. मी देवळाला वळसा घालून परत आलो, तर दुसऱ्या बाजूने भिकाजीपंत परत आलेले. आम्ही एकमेकांना पाहिले नाही. पुढे महिनाभर आम्ही एकाच पायरीवर चार हातांच्या अंतरावर बसून एकमेकांना पाहत नव्हतो. त्याच घाटावर हळूहळू आणखी पगड्या दिसू लागल्या. कुणी पागेचा, कुणी तोफांच्या दारूखान्याचा, कुणी दुसऱ्याच सरदाराच्या दफ्तराचा. जो तो नुकताच दर्शन घेऊन निघालेला. इतकी भक्ती पुण्यात मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. दुपारच्या पुराणाला गर्दी मावेना, तेव्हा पुराणिकबुवांना वाटले की आपली वाणी रसाळ झाली, आणि ते एकेक अध्याय लांबवू लागले. आमची काही तक्रार नव्हती.

आधी मला वाटत होते, ही आपत्ती माझी आहे. माझ्या पत्रिकेत शनी आहे, मी कधी कुणाचा उपमर्द केला असेन, दिवाणजींना माझे अक्षर आवडत नसेल. घाटावर बसून बसून हळूहळू कळले की शनी एवढ्या लोकांच्या पत्रिकेत एकदम येऊ शकत नाही. जिनगरांच्या आळीत खोगिरे शिवण्याचा आवाज बंद झाला होता. नालबंद ओट्यावर झोपलेला दिसे. चणे-फुटाणे भाजणाऱ्या भडभुंज्याची भट्टी दिवसाआड पेटे, कारण घोडेस्वारांच्या पिशव्यांत फुटाणे भरायचे नव्हते. दोऱ्या वळणारे, पखाली शिवणारे, वैद्यांकडे जखमेची औषधे कुटणाऱ्या बाया, सगळे तहाने गार पडले होते. भाजीवालीसुद्धा म्हणाली, "यंदा काय हो, समदे घरीच जेवत्यात आन् थोडंच जेवत्यात." एवढे मोठे शहर कशावर उभे आहे हे मला कधी विचारावेसे वाटले नव्हते. ते माझ्याच खुंट्यांना बांधलेले होते, हे घाटावर बसल्यावर दिसले.

तरीही घाटावर कुणी कुणाला "तुमचीही गेली का?" असे विचारले नाही. विचारले असते तर निदान गप्पा झाल्या असत्या. पण पुणेरी माणूस दुसऱ्याचे उणे पटकन काढतो आणि स्वतःचे उणे दिसेल म्हणून दुसऱ्याचेही झाकतो. भिकाजीपंत एक दिवस आले नाहीत. नंतर कळले की ते बडोद्याकडे चाकरी शोधायला गेले. जाताना शेजाऱ्यांना सांगून गेले की काशीयात्रेला जातो.

कार्तिक सरत आला तेव्हा एक दिवस घाटावर बसवेना. उठलो आणि चालू लागलो. पाय सवयीने पूर्वेला वळले आणि नदीच्या कडेकडेने मी खराडीला जाऊन पोचलो. दरसाल आमचा पहिला मुक्काम तिथे पडे. त्याचे कारण असे. मुहूर्त गाठायचा तर माणसाने स्वतः घर सोडलेच पाहिजे असे नाही. त्याची एखादी वस्तू वाटेवरच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवली तरी तो निघाला असे शास्त्र मानते. याला प्रस्थान म्हणतात. कुणी सुपारी ठेवतो, कुणी धोतर. आमचे सरदार डेरा ठेवत. सरदारांच्या वडिलांनी पहिल्या मोहिमेच्या वेळी मुहूर्त टळू नये म्हणून घाईघाईने खराडीच्या एका शेतात डेरा दिला होता. ती मोहीम फत्ते झाली आणि ते शेत शुभ ठरले. तेव्हापासून दसऱ्याला डेरा तिथेच. डेऱ्याभोवती फौज जमत जाई, आणि पुरती जमेपर्यंत दिवसच्या दिवस घोडी तिथेच चरत.

ते शेत सटवाजीचे होते. मी वर्षानुवर्षे त्या शेतात उभा राहिलो होतो, पण मला ते ओळखू येईना. मला तिथले खुंट माहीत होते, उतार माहीत होता, पाणी कुठे साचते ते माहीत होते. आता तिथे कमरेएवढा शाळू उभा होता, गर्द हिरवा, वाऱ्यावर पाठ फिरवणारा. शाळू म्हणजे हिवाळी ज्वारी, आश्विनात पेरतात. दरसाल ती दोन बोटे वर येते न येते तोच आम्ही तिथे येऊन पडत असू. म्हणजे या जमिनीत काय येते हे त्या जमिनीलाही ठाऊक नसावे.

मला बांधावर पाहून सटवाजी धावत आला. धिप्पाड माणूस, पण ओठ सुकले होते.

"आलं का, पंत? मागं मानसं हायेत?"

"नाही. एकटाच आहे."

"मंग जागा बघाया आला?"

"यंदा डेरा नाही. तह झाला. फौज निघत नाही."

त्याने मुंडासे सोडून तोंड पुसले. मग हळूच म्हणाला, "अन् मंग तुमी?"

"मी घरी आहे. चाकरी गेली."

ज्याला सांगितले असा तो पहिला माणूस. जानकीला सांगितले नव्हते, घाटावर कुणाला सांगितले नव्हते, ते सटवाजीला सांगताना काहीच जड गेले नाही. तो म्हणाला, "वंगाळ झालं, पंत. लई वंगाळ झालं." मनापासून म्हणाला. पण त्याचे डोळे शाळूकडे गेले आणि तिथून परत येईनात. मला त्याचा राग आला नाही. मला त्याचा हेवा वाटला. एकच तह, आणि तो माझ्या घरात उपास होता आणि याच्या शेतात सुगी होती. घाटावर बसून मी माझे दुःख शहराएवढे मोठे केले होते. इथे आल्यावर ते भलतेच बुटके झाले आणि त्याच्या पलीकडचे दिसू लागले.

संध्याकाळी घरी आलो. जानकीने पाय धुवायला पाणी दिले आणि म्हणाली, "आज इकडे खरी धूळ लागलेली दिसते."

मी पायांवर पाणी ओतत राहिलो.

"दसऱ्यापासून अंगरख्याला फरासखान्याचा वास नाही. धुणे मीच धुते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचे? इकडून 'येतो' म्हणायचे, मी 'बरं' म्हणायचे. चाललेच होते की." मग तांब्या उचलीत म्हणाली, "हौदावर सगळ्याच बायकांचे यजमान कचेरीत जातात. कुणीच कुणाला खोटे पाडत नाही. एकीने पाडले तर सगळ्याच पडतील."

मी विचारले, "आणि ठकू?"

तेव्हा मात्र तिने मान फिरवली. "माघापर्यंत अंगावरची अब्रू टिकवायची," म्हणाली, आणि चुलीकडे गेली. त्या क्षणी मला रडू आले असते तर बरे झाले असते. आले नाही. मी पाट मांडून बसलो आणि जेवलो.

त्यानंतर मी घाट सोडला. पगडी घालून निघायचो ते थेट खराडीला जायचो. काम काहीच नव्हते. बांधावर बसायचे, पाखरे हाकलायची, सटवाजीशी बोलायचे. मार्गशीर्षात शाळू डोक्याच्या वर गेला, पौषात कणसे भरू लागली. मग हुरडा झाला. शेणींच्या आरात कोवळी कणसे भाजून सटवाजी ती तळहातावर चोळून फुंकर मारायचा आणि हिरवे गरम दाणे माझ्या उपरण्यात टाकायचा. त्याची बायको लांब उभी राहून पदरात तोंड लपवून हसायची, कारण बामण खातो की नाही याची तिला गंमत वाटत होती. पाण्याचा स्पर्श नाही, मिठाचा नाही, अग्नीतून आलेले; भाजलेल्याला विटाळ नाही असे शास्त्र मी तिथल्या तिथे रचले आणि खाल्ले. अजून कधी दाताखाली कोवळा दाणा आला की ती थंडी आठवते, धूर आठवतो, आणि उघड्यावर बसून चाकरीशिवायचा माणूस किती सुखी असू शकतो हे आठवून आश्चर्य वाटते. दुपारपुरता का होईना, मी सुखी होतो.

सटवाजी म्हणाला होता, "या पिकावर बैलजोडी दम धरंल. कडबा घरचा हुईल. पुढल्या साली वरचा तुकडाबी लावतो." त्याचे सगळे पुढले साल त्या शाळूत उभे होते. माझे काय कशात उभे होते कोण जाणे. वाईहून निरोप आला होता की मुहूर्त जवळ आला, आम्ही देण्याघेण्याच्या याद्या करायला येतो.

आणि तह मोडला. का मोडला हे मला कधीच नीट समजले नाही. कुणीतरी कबूल केलेले दिले नाही, एवढेच ऐकले. दिवाणजींचा माणूस सकाळीच दारात उभा. "सरकारांनी याद केले आहे. डेरे बाहेर काढा. परवा प्रस्थान." मला आनंद झाला. तो मी लपवला नाही आणि आताही लपवत नाही. जानकीने देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, "आज निघताना 'येतो' म्हणाल ते खरे असेल हो." सगळे शहर एका दिवसात जागे झाले. नालबंदाचा हातोडा वाजू लागला, जिनगरांच्या आळीत चामड्याचा वास सुटला, भडभुंज्याची भट्टी रात्रंदिवस पेटली. घाट ओस पडला. पुराणाला चार म्हाताऱ्या उरल्या. तहाला साखर वाटणारे शहर तह मोडल्यावरही साखर वाटत होते, आणि दोन्ही वेळा तोंडे तितकीच गोड झाली.

डेरे उंटांवर लादताना मला शाळू आठवला.

दिवाणजींना म्हणालो, "खराडीच्या जागी उभे पीक आहे. दुसरी जागा पाहू का?"

ते म्हणाले, "जागा शुभ आहे." मग माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, "जमत नसेल तर सांगा. घाटावर बरेच कारकून मोकळे होते म्हणतात." त्यांना सगळे ठाऊक होते तर.

फौजेच्या पुढे मी आणि दहा-बारा खलाशी गेलो. शेताच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ होता, कुसळांशिवाय तिथे काही उगवत नसे. मी खलाशांना म्हणालो, "इथे ठोका." त्यांच्यात दोघे जुने होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिले, मुरमात खुंट जाणार नाही असे पुटपुटले, आणि लाकडी मोगर उचलून ठोकू लागले. सरदारांनी विचारले असते तर मी मेलो होतो. चाकरी गेली असती, लग्न गेले असते, कोकणची ओसरी आली असती. सरकार आले. डेऱ्यासमोर घोडा थांबवून त्यांनी एकदा खालच्या शाळूकडे पाहिले, एकदा डेऱ्याकडे. "हीच ना ती जागा?" मी म्हणालो, "हीच, सरकार." ते आत गेले.

मला वाटले, निभावले. किती लहान विचार करतो माणूस. डेरा एकच होता आणि त्याच्यामागे हजारोंची फौज होती. संध्याकाळी घोडी आली, दिवसभराची उपाशी. माळावर कुसळे आणि खाली हिरवा शाळू. त्यांना कुणी शेतात घातले नाही, आणि कुणी अडवलेही नाही. सटवाजी बांधावर हातात काठी घेऊन उभा होता. ती त्याने एकदाही उचलली नाही. सकाळी तिथे चिखल होता आणि चिखलात खुंट ठोकल्यासारखी ताटांचे बुडखे. डेरा मात्र माळावरच होता.

मी त्याच्याजवळ गेलो. तोच म्हणाला, "तुमी खुंट माळावर मारलं, ते समद्या गावानं पायलं, पंत. घोड्यांनी न्हाई पायलं." मग विचारले, "लेकीचं लगीन हुईल न्हवं आता?"

झाले. फौज एक पल्ला मारून लवकरच परतली, आणि माघात ठकूचे लग्न थाटाने झाले. वाईकरांनी फरासखान्याचीच कनात मांडवाला वापरू द्या म्हणून हट्ट धरला आणि दिवाणजींनी परवानगी दिली. फौजेने तुडवलेल्या शेतांसाठी सरकारातून गावाला वसुलात सूट मिळाली असे ऐकले. ती गावाच्या नावावर मिळाली. बैलांना सूट खाता येत नाही. त्या उन्हाळ्यात सटवाजीच्या गोठ्यात कडबा नव्हता. एक बैल बसला तो उठला नाही. दुसरा एकटा ठेवून करायचे काय म्हणून त्याने तो विकला आणि जमीन भावाला वाट्याने दिली. हे मला त्यानेच सांगितले, पुढच्या आश्विनात, आमच्या फरासखान्याच्या अंगणात उभे राहून. डेरे वाळत पडले होते. कडेने, कापडावर पाय पडू न देता चालत तो माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "पंत, खलाश्यात घ्याल का?"

मी घेतला. अंगात ताकद होती, जमीन ओळखता येत होती. कुठे खुंट धरेल आणि कुठे सैल पडेल हे त्याला पायांनीच कळे. पौषात आम्ही मोगलाईत शिरलो. भीमेपलीकडच्या एका गावाला मुक्काम होता. मी जागा पाहिली. उतार चांगला होता, पाणी जवळ होते, आणि शाळू उभा होता. शेतकरी बांधावर हात जोडून उभा होता, घरची माणसे त्याच्यामागे. मला तेव्हा घरी जावेसे वाटले. खरोखर वाटले, पगडी तिथेच ठेवून जावेसे वाटले. पण आजूबाजूला माळ नव्हता, आणि असता तरी काय झाले असते हे आता मला माहीत होते. मी बोट दाखवले.

सटवाजी पिकात शिरला. खुंटाच्या जागेची ताटे त्याने तुडवली नाहीत. एकेक करून मुळासकट उपटली आणि कणसे एका बाजूला येतील अशी, कापणीला ठेवतात तशी, ओळीने बांधावर आणून ठेवली. तो शेतकरी त्याच्या हातांकडे बघत होता. हात जोडलेलेच ठेवून त्याने विचारले, "पाव्हनं, तुमी कुनबी का?"

"व्हतो," सटवाजी म्हणाला आणि त्याने मोगर उचलला.

संध्याकाळी डेरा उभा राहिला. इतका ताठ डेरा आमच्याकडे कधी उभा राहिला नव्हता. सरकारांनी मला बोलावून त्या नव्या खलाशाचे नाव विचारले, आणि मी ते सांगितले.